वाघाची वाट

हिंगोली जिल्ह्याचा नकाशा समोर उघडून पाहा. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. उत्तरेच्या अंगाने पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे विदर्भ, अलीकडे मराठवाडा. जिल्ह्याच्या मधून कयाधू जाते. पूर्णेवर सिद्धेश्वरचे धरण आहे. औंढ्याला नागनाथाचे प्राचीन मंदिर आहे, आणि नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. या नकाशात जंगलाचा हिरवा रंग मात्र फार थोडा सापडेल. डोंगरांच्या उतारांवर सागाची व पळसाची विरळ झाडी आहे. बाकी सारी शेते. खरिपात सोयाबीन, तूर व कापूस, आणि वसमतकडे हळद व ऊस. ईसापूर धरणाच्या जलाशयाभोवती पक्ष्यांचे अभयारण्य आहे. परंतु वाघासाठी राखलेले रान या जिल्ह्यात कोठेही नाही.

असे असूनही २०१९ साली एक वाघ या जिल्ह्यातून चालत गेला. तो कोणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला नव्हता, की वाट चुकून गावाकडे आलेला नव्हता. तो घर शोधीत निघाला होता.

या वाघाचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात झाला. पांढरकवड्याजवळ पसरलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. टिपाई देवीचे ठाणे तेथे आहे, आणि तिच्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. सागाचे दाट रान, मधून मधून गवताचे पट्टे, बारमाही पाणी, आणि चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर असे मुबलक भक्ष्य. वाघाला आणखी काय हवे? तेथील एका वाघिणीस शास्त्रज्ञांनी ‘टी-१’ अशी खूण दिली होती. तिला तीन बछडे झाले, तिन्ही नर. त्यांपैकी पहिल्याच्या वाट्याला ‘टी-१-सी-१’ हे रुक्ष नाव आले. पुढे त्याचा पराक्रम पाहून लोकांनी त्याला ‘वॉकर’, म्हणजे चालणारा, म्हणण्यास आरंभ केला. आपण या पाठात त्याला नुसते वाघच म्हणू.

आईच्या सोबतीने दोन वर्षे काढली की नर बछड्याला घर सोडावे लागते. ही रीत सर्वच वाघांत आहे. शेतकऱ्याच्या घरी तीन मुलगे असले म्हणजे आज ना उद्या जमिनीच्या वाटण्या होतात. दहा एकरांचे तीन तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांवर कसाबसा का होईना, प्रत्येकाचा संसार चालतो. वाघाच्या राज्यात वाटणी नाही. एका नर वाघाच्या हद्दीत दुसऱ्या नराला थारा मिळत नाही. तो एक तर लढून जुन्या वाघाला हुसकावून लावील, किंवा स्वतः जखमी होऊन मरेल; आणि हे दोन्ही टाळावयाचे असेल तर तो दूर निघून जाईल. शिवाय लेकरू जन्मस्थानीच राहिले तर पुढे नात्यातच जोड्या जमतात आणि पिढ्या दुबळ्या होत जातात. म्हणून निसर्गाने तरुण वाघाच्या पायांना ही चाल लावून दिली आहे.

आपल्या देशात वाघांची संख्या अगदी खालावली होती. १९७२ साली वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. तरीसुद्धा २००६ सालच्या गणनेत साऱ्या भारतात सरासरी १,४११ वाघच असावेत असा अंदाज निघाला. त्यानंतर बंदोबस्त वाढला, शिकारीला आळा बसला, आणि २०२२ च्या गणनेत हा आकडा ३,६८२ वर गेला. त्यांपैकी ४४४ वाघ महाराष्ट्रात होते. ही वाढ आनंदाचीच आहे. पण वाघ वाढले तशी राने वाढली नाहीत. ज्या अभयारण्यांनी वाघाला जगविले, तीच आता त्याच्या लेकरांना अपुरी पडू लागली. रक्षणाचे काम जेथे यशस्वी झाले, तेथूनच हा नवा प्रश्न उभा राहिला आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी व वनखात्याने या वाघाच्या गळ्यात एक पट्टा बांधला. त्याला भुलीचे औषध असलेली सुई दुरून मारण्यात आली. तो निद्रिस्त झाल्यावर पट्टा चढविला. आणि शुद्धीवर येताच तो आपल्या वाटेने गेला. या पट्ट्यात एक यंत्र होते. आकाशात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने ते यंत्र वाघ कोठे आहे हे ठरवी व ती खबर शास्त्रज्ञांकडे पोहोचवी. दर तासाला एक नोंद होत असे. पुढील काळात अशा पाच हजारांहून अधिक ठिकाणांच्या नोंदी जमल्या. वाघाच्या पावलांचे ठसे पावसाने पुसले जातात. पण या पाच हजार ठिपक्यांनी त्याचा सारा प्रवास कागदावर उमटविला आणि म्हणूनच आपल्याला तो आज सांगता येतो.

जून २०१९ मध्ये त्याने टिपेश्वर सोडले. त्या दिवसांत शेतकरी पेरणीच्या गडबडीत असतात, आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. अशा वेळी हा तरुण वाघ एकटा बाहेर पडला. प्रथम तो तेलंगणातील आदिलाबादकडच्या रानांत हिंडला. नांदेड जिल्ह्यातील किनवटकडची जंगले, पैनगंगेचे अभयारण्य, हा सारा मुलूख त्याने धुंडाळला. कोठे काही दिवस राहावे, मग पुन्हा चालू लागावे, असा त्याचा क्रम होता. तो सरळ रेषेत कधीच चालला नाही. पुढे जाई, मागे येई, एखाद्या ओढ्याशी घुटमळे आणि पुन्हा निराळी दिशा धरी. नव्या गावी घर पाहावयास गेलेला माणूस जसा चार गल्ल्या फिरतो, तसेच हे फिरणे होते. अशा रीतीने फिरत फिरत तो हिंगोली जिल्ह्यात आला.

येथे क्षणभर थांबून त्याच्या वाटेचा विचार करू. जंगल संपले की वाघ चालतो तरी कोठून? आपण शेते पाहतो तेव्हा आपल्याला पीक दिसते, बांध दिसतात, विहिरी दिसतात. वाघाला त्याच मुलखात निराळेच काही दिसत असले पाहिजे. दोन शेतांमधून वाहणारा ओढा, त्याच्या दोन्ही काठांची निरगुडी आणि बोरी-बाभळी, नदीकाठचे उंच गवत, कालव्याच्या कडेची झुडपे, गावाबाहेरचे गायरान, दोन्ही बाजूंना काटेरी झाडांची भिंत असलेली पांधण, आणि श्रावणानंतर माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली तूर. वाघाच्या दृष्टीने या सर्व वाटाच आहेत. आणि पैनगंगा तर मोठीच वाट. ही नदी बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि वाशीम, हिंगोली, यवतमाळ व नांदेड यांच्या सीमांवरून वाहत जाऊन वर्धा नदीला मिळते. वाघ तिच्या काठाकाठानेच गेला असे नव्हे. परंतु ज्या खोऱ्यात त्याचा जन्म झाला, त्याच खोऱ्याच्या उगमाकडे तो शेवटी पोहोचला, ही गोष्ट नकाशात पाहताना मनात भरल्यावाचून राहत नाही.

दिवसा तो झुडपांत दडून बसे. अंधार पडला, आखाड्यांवरचे दिवे मंद झाले, म्हणजे तो उठे आणि चालू लागे. भूक लागली की रानडुक्कर मारी; ते न मिळाल्यास माळावर किंवा आखाड्याशी असलेले एखादे गुरू. हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा अशा जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या शिवारांतून तो गेला. ज्या शेतातून पहाटे तो गेला, त्याच शेतात सकाळी बायका निंदणीला आल्या असतील, आणि त्यांना त्याची चाहूलही लागली नसेल. एवढ्या दाट वस्तीच्या मुलखातून एवढा मोठा प्राणी महिनोन्महिने चालत राहतो आणि बहुतेकांच्या दृष्टीसही पडत नाही! मला या सर्व नोंदींत हीच गोष्ट सर्वांत आश्चर्याची वाटते.

या संपूर्ण प्रवासात माणसाशी त्याची गाठ एकदाच पडली, आणि तीही आपल्याच लोकांच्या उतावळेपणामुळे. वाघ एका झुडपात विसावा घेत होता. काही लोक घोळक्याने त्या झुडपात शिरले. त्यांतील एका माणसाला किरकोळ जखमा झाल्या. वाघ पाठलाग करीत आला नाही. तो आपल्या वाटेने निघून गेला. वाघ दिसला अशी वार्ता कानी येताच काठ्या घेऊन, ओरडत, छायाचित्रे काढण्यासाठी त्याच्याभोवती कडे करण्याची जी हौस आपल्याकडे वाढली आहे, ती वाघाइतकीच माणसालाही घातक आहे. कोंडीत सापडलेला वाघ पळून जाण्याची वाट शोधतो, आणि त्या वाटेवर जो उभा असेल त्याच्यावर संकट येते.

परंतु गुरांचे काय? हा प्रश्न बाजूला सारून चालणार नाही. ज्याच्या गोठ्यात दोनच बैल आहेत, त्यातला एक वाघाने मारला, तर त्या शेतकऱ्याची पेरणी अडते. त्याला वाघाचे कौतुक सांगत बसणे ही क्रूर थट्टा होईल. सरकारने अशा नुकसानीची भरपाई देण्याची व्यवस्था केली आहे. जनावर मारले गेले की वनखात्याला तातडीने कळवावे लागते. कर्मचारी येऊन पंचनामा करतात, पावलांचे ठसे व दातांच्या खुणा पाहतात, आणि मग ठरलेली रक्कम मिळते. पंचनामा लवकर झाला आणि पैसे वेळेवर हाती पडले, तर शेतकऱ्याचा राग शमतो. त्यात दिरंगाई झाली, तर एखादा संतापलेला मनुष्य मेलेल्या जनावरावर विष टाकून ठेवतो. वाघ आपल्या शिकारीकडे पुन्हा खावयास येतो, ही त्याची सवय असल्यामुळे तो त्या विषाला बळी पडतो. आणि त्याच्याबरोबर कोल्हे, गिधाडे, गावातली कुत्रीही मरतात. तेव्हा कचेरीतील एका कागदाला लागणारा वेळ हीसुद्धा वाघाच्या जगण्यामरण्याची बाब आहे.

याहून मोठे भय आहे ते तारेचे. रानडुकरांचे कळप एका रात्रीत सोयाबीनची धूळधाण करतात. रोही हरभरा फस्त करतात. रात्ररात्र जागल करून शेतकरी थकतो. मग कोणी शेताभोवती तार ओढतो आणि खांबावरील विजेचा प्रवाह तीत सोडून देतो. ही तार माणूस, बैल, डुक्कर आणि वाघ यांत भेद करीत नाही. विदर्भात अशा तारांना चिकटून अनेक वाघ प्राणास मुकले आहेत. आणि पहाटे पाण्याचा पंप सुरू करावयास निघालेली माणसेही. असा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे. सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, तर त्याच्या प्रकाशावर चालणारे एक सौर कुंपण निघाले आहे. त्याला गावाकडे ‘झटका’ म्हणतात. ते क्षणभरच धक्का देते. त्याने जनावर दचकून मागे सरते, पण मरत नाही. टिपेश्वर सोडलेला आपला वाघ एवढ्या शेतांतून गेला, आणि कोणत्याही जिवंत तारेला त्याचा पाय लागला नाही. यात त्याच्या सावधपणाचा भाग किती, शेतकऱ्यांच्या शहाणपणाचा किती आणि दैवाचा किती, याचा हिशेब करणे कठीण आहे.

डिसेंबर २०१९ च्या आरंभी तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याचे सुमारे १,३०० किलोमीटर चालणे झाले होते. भारतात एखाद्या वाघाच्या एवढ्या दीर्घ प्रवासाची नोंद त्यापूर्वी झालेली नव्हती. त्यानंतरही त्याचे पाय थांबले नाहीत. आसपासचा मुलूख तो पाहतच राहिला, आणि नऊ महिन्यांत त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेली. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढून घेण्यात आला. ज्ञानगंगेचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. तेथे बिबटे होते, अस्वले होती, रोही, चितळ व डुकरे होती. पण वाघ हा एकटाच. भक्ष्य मिळाले, पाणी मिळाले, भांडावयास दुसरा वाघही नव्हता. नव्हती ती फक्त वाघीण. वाघीण बाहेरून आणून सोडावी की नाही, यावर जाणकारांत पुष्कळ खल झाला. काहींनी म्हटले, एकटा वाघ किती दिवस राहील? दुसऱ्यांनी विचारले, एवढ्याशा रानात बछडे झाले तर तीही उद्या बापासारखी बाहेर पडणार, आणि त्यांच्या वाटेची काय सोय? दोन्ही प्रश्न खरे होते.

हा प्रश्न केवळ आपल्या मुलखाचा नाही, आणि केवळ वाघांचाही नाही. येथून हजारो किलोमीटरांवर, आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात गिनी नावाचा देश आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात बोसू नावाचे एक गाव आहे, आणि गावाला लागून असलेल्या टेकड्यांवर चिंपांझींचा एक लहानसा कळप राहतो. चिंपांझी हे माणसाच्या अतिशय जवळचे वानर. बोसूचे चिंपांझी तर जगप्रसिद्ध आहेत. ताडतेलाच्या झाडाची कठीण फळे फोडण्यासाठी ते एक सपाट दगड खाली ठेवतात, त्यावर फळ मांडतात आणि दुसरा दगड हातात घेऊन नेमका घाव घालतात. आपल्याकडे आजी पाट्यावर बदाम फोडते तसेच. लहान पिल्ले आईशेजारी बसून तासन्‌तास हे पाहतात, दगड उलटसुलट करतात, चुकतात, आणि तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत ही विद्या शिकतात. १९७६ सालापासून जपानी शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करीत आले आहेत.

बोसू गावच्या मानोन लोकांची अशी श्रद्धा आहे की या चिंपांझींशी आपल्या पूर्वजांचे नाते आहे. म्हणून त्यांना कोणी मारीत नाही. मारुतीच्या नावाने आपल्या गावांत वानरांना अभय मिळते, त्यावरून ही भावना तुम्हांला सहज समजेल. शिकार नाही, खायला फळे आहेत, लोकांचे प्रेम आहे. मग कळप वाढावयास हवा होता. प्रत्यक्षात तो घटत गेला. एके काळी तेथे वीसच्या आसपास चिंपांझी होते. २००३ च्या अखेरीस श्वसनाच्या रोगाची साथ आली आणि थोड्याच दिवसांत पाच दगावले. पुढे कळपाची संख्या दहाच्याही खाली गेली.

असे का झाले? वाघांत घर सोडून दूर जातो तो मुलगा. चिंपांझींत घर सोडते ती मुलगी. वयात आलेली मादी आपला कळप सोडून दुसऱ्या कळपात जाते. बोसूच्या मुली अशाच निघून गेल्या. पण बाहेरून नवी मादी बोसूत आली नाही. शेजारचा चिंपांझींचा मुलूख म्हणजे निंबा पर्वत. त्या पर्वतावरील अरण्याला युनेस्कोने १९८१ साली जागतिक वारशाचा मान दिला आहे. बोसूपासून तो काही किलोमीटरांवरच आहे. मात्र मध्ये उघडे गवताळ रान पसरले आहे. झाडावर वाढलेल्या प्राण्याला ते समुद्रासारखे वाटावे, यात नवल नाही. एका बाजूला सुरक्षित अरण्य, दुसऱ्या बाजूला सुरक्षित टेकडी, आणि दोहोंच्या मध्ये वाटच नाही!

१९९७ साली शास्त्रज्ञांनी व गावकऱ्यांनी मिळून त्या गवताळ रानात झाडे लावण्यास सुरुवात केली. सुमारे चार किलोमीटर लांब व तीनशे मीटर रुंद असा झाडांचा पट्टा तयार करावा आणि टेकडी पर्वताला जोडावी, अशी ती योजना. काम सोपे नव्हते. उन्हाळ्याच्या दिवसांत वणवे लागत आणि वाढविलेली रोपे जळून जात. पुन्हा रोपे करावयाची, पुन्हा लावावयाची. एका वाटेसाठी वर्षानुवर्षे झाडे लावीत राहणारी ही माणसे पाहिली, म्हणजे हिंगोलीच्या ओढ्याकाठी आपोआप उगवलेल्या झुडपांचे मोल कळते. तेथे जी वाट हाताने निर्माण करावी लागत आहे, ती येथे अद्याप काही अंशी शिल्लक आहे. ओढे सपाट करून शेतात घेतले, पांधणीच्या कडेची झाडे सरपणासाठी तोडली, गायरानावर घरे उठली, की तीही राहणार नाही. आणि ती गेली हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण तिचे नाव कोणत्याच दप्तरात लिहिलेले नसते.

काही वाटा मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत अडतात. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये सारा ७०१ किलोमीटरांचा मार्ग वाहतुकीस मिळाला. वाशीम, बुलढाणा, जालना हे जिल्हे ओलांडून तो जातो. म्हणजे हिंगोलीकडून ज्ञानगंगेकडे जावयाचे असेल तर या मार्गाला आडवे जाण्यावाचून गत्यंतर नाही. आपला वाघ २०१९ साली गेला तेव्हा या मार्गाचे काम चालू होते. आज येणाऱ्या वाघापुढे वेगाने धावणाऱ्या मोटारींची अखंड ओळ असेल. हा मार्ग बांधताना वन्य प्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी ठिकठिकाणी खालून व वरून मार्ग ठेवण्यात आले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. असे मार्ग उपयोगी पडतात, हे नागपूर जिल्ह्यात दिसून आले आहे. तेथे पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद करताना काही ठिकाणी रस्ताच उंच खांबांवर उचलून घेतला. खाली जमीन मोकळी राहिली. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुकरे, रानकुत्रे आणि वाघसुद्धा त्या पुलांखालून बिनधास्त जाताना टिपले गेले. वरून मालमोटारी आणि खालून वाघ! प्राण्याला वाट दाखवावी लागत नाही. ती असली की तो शोधून काढतो.

टिपेश्वरच्या वाघांची पावले अजूनही मराठवाड्याकडे वळतात. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्याने एक वाघ टिपला. त्या भागात कित्येक वर्षांत वाघाचे नाव नव्हते. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात. दोन वाघांचे पट्टे कधीच जुळत नाहीत, जसे दोन माणसांच्या अंगठ्यांचे ठसे जुळत नाहीत. जुन्या छायाचित्रांशी हे पट्टे ताडून पाहिले, तेव्हा तो टिपेश्वरचाच निघाला. शेकडो किलोमीटरांची मजल मारून तो आला होता. त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा नव्हता, त्यामुळे नकाशावर एकही ठिपका उमटला नाही. तो कोणत्या नद्या पोहून आला, कोणाच्या तुरीत दिवस काढले आणि कोणाच्या पांधणीने रात्री पुढे निघाला, हे त्या शिवारांनाच ठाऊक.